आरएक्स-7चा ईसीयू बदलताना

माझदा आरएक्स-7च्या शेवटच्या पिढीतलं 13बी इंजिन अवघं 1308 सीसीचं. दोन रोटर, दोन टर्बो. त्यांच्या जागी एकच मोठा टर्बो बसवला की कारखान्याचा ईसीयू अपुरा पडतो.

नवा घेताना किंमत नंतर पाहावी. आधी त्याला रोटरी कळतं का ते पाहावं. इथे प्रत्येक रोटरला दोन प्लग: लीडिंग आधी पेटतो, ट्रेलिंग किंचित मागाहून. हे अंतर बूस्ट आणि आरपीएमनुसार ठरवता यायलाच हवं. इंजेक्टरही दोन टप्प्यांचे. भार वाढून सेकंडरी सुरू होताना मिश्रणात इंधन कमी पडलं आणि डिटोनेशन झालं, की रोटरच्या टोकाची एपेक्स सील तुटू शकते. मग इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नाही. पिस्टन इंजिन अशी चूक कधीकधी पोटात घालतं; रोटरी सहसा नाही.

जपानी अपेक्सीचा पॉवर एफसी थेट मूळ वायरिंगला जोडला जातो, म्हणून तो वर्षानुवर्षं लाडका. पण आता जुना झाला. ऑस्ट्रेलियाच्या हॅलटेकचे नवे ईसीयू वाइडबँड सेन्सरवर आणि इंधन व तेलाच्या दाबावर नजर ठेवून बिघाड दिसताच इंजिन आवरू शकतात. मोठ्या टर्बोला तेच बरे.

मात्र खरेदीआधी रोटरी जाणणारा ट्यूनर गाठा आणि त्याचा हात बसलेलाच ईसीयू घ्या.