जलाशयांतील नौकानियमन

नद्या, सरोवरे व धरणांचे जलाशय यांतील नौकांची नोंदणी, तपासणी, चालन व वेग यांवरील कायदेशीर नियंत्रण. प्रवाशांचे रक्षण हा त्याचा मूळ हेतू असून, नौकेमुळे उठणाऱ्या लाटांपासून किनाऱ्यांचे रक्षण हाही अलीकडे त्याचा विषय झाला आहे.

भारतात 1917 च्या अधिनियमाची जागा अंतर्देशीय जलयान अधिनियम, 2021 याने घेतली. त्यानुसार यंत्रचलित नौकेची तपासणी, नोंदणी व विमा आणि चालकाचे पात्रता-प्रमाणपत्र आवश्यक असते. यंत्ररहित नावांबाबतची काही कार्ये स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपविण्याची तरतूदही त्यात आहे. तिचे महत्त्व वऱ्हाडात विशेष आहे. 14 सप्टेंबर 2021 रोजी अमरावती जिल्ह्यातील झुंज (ता. वरुड) येथे वर्धा नदीत नाव उलटून 11 जणांचा मृत्यू झाला.

लाटांचा प्रश्न वेगळा आहे. वेक सर्फिंग या खेळात नौकेच्या टाक्यांत पाणी भरून तिचा मागील भाग मुद्दाम खोल बुडवितात व मध्यम वेगाने नेऊन मागे उंच लाट उठवितात. खेळाडू फळीवर उभा राहून तीवरून घसरतो. लाटेची ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे उंची दुप्पट झाल्यास ऊर्जा चौपट होते. त्यामुळे काठ खचतात आणि उथळ पाण्यात तळाचा गाळ ढवळला जातो. टाक्यांतील पाण्यातून उपद्रवी जलजीव एका सरोवरातून दुसऱ्यात जातात. म्हणून अमेरिकेतील व्हर्मॉंट राज्याने 2024 पासून अशा खेळासाठी किनाऱ्यापासून किमान 500 फुट (सु. 152 मी.) अंतर, 20 फुट (सु. 6 मी.) खोली व 50 एकर (सु. 20 हेक्टर) सलग क्षेत्र या अटी घातल्या.

वऱ्हाडात हा खेळ रूढ नाही. तथापि ही तत्त्वे येथील जलाशयांनाही लागू पडतात. अमरावती शहरास ऊर्ध्व वर्धा धरणातून, तर अकोल्यास महान येथील काटेपूर्णा धरणातून पिण्याचे पाणी मिळते. काटेपूर्णा जलाशयाभोवती 1988 मध्ये घोषित झालेले अभयारण्य आहे. उन्हाळ्यात पातळी उतरली की काळ्या मातीचे काठ उघडे पडतात व पाणी उथळ होते. हिवाळ्यात स्थलांतरित पाणपक्षी उतरतात. मच्छीमारांची जाळी तर काठालगतच असतात. सबब, एकच वेगमर्यादा वर्षभर ठेवण्यापेक्षा पाण्याची पातळी, काठापासूनचे अंतर व ऋतू यांनुसार ती ठरविणे अधिक शास्त्रीय होय.