मत्स्यांची गंध-रुचीन्द्रिये आणि कीटकनाशके

खानदेशातील शेतकरी कपाशीवर 'औषध' मारतो. शास्त्रीय ग्रंथ त्याच द्रव्यास 'कीटकनाशक' म्हणतात. पहिल्या शब्दात विषाचा उच्चारच नाही. दुसऱ्याने त्या विषाची कक्षा कीटकांपुरती असल्याचा समज होतो. पावसाच्या पाण्याबरोबर तापी, गिरणा वा पांझरेच्या पात्रात उतरणारे द्रव्य मात्र ही कक्षा पाळीत नाही.

'नाक' हा शब्दही असाच फसवा आहे. मनुष्याचे नाक श्वासोच्छ्वासाशी निगडित आहे. माशाचा श्वास कल्ल्यांतून चालतो, आणि त्याचे नाक केवळ गंधाकरिता असते. पाणी पुढील छिद्रातून आत शिरते, गंधकोशातील पुष्पाकार घड्यांवरून वाहते व मागील छिद्रातून बाहेर पडते. या घड्यांतील संवेदनापेशींची टोके व पाणी यांच्यामध्ये श्लेष्म्याचा पातळ थर तेवढा असतो. रुचीचेही तसेच. 'रसना' म्हणजे जीभ, असे आपण मानतो. परंतु मागूर, शिंगाळा यांच्या मिशांवर व त्वचेवरही रुचिकलिका असतात. अर्थात् पाण्यात विरघळलेले विष या इंद्रियांस सर्वांआधी भिडते.

अन्न, जोडीदार व शत्रू यांची वार्ता माशास बहुतांशी गंधानेच कळते. जखमी माशाच्या त्वचेतून स्रवणाऱ्या द्रव्याने कळपातील इतर मासे भयभीत होतात, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ साली दाखविले. पुढे २००० साली अमेरिकन संशोधकांस असे आढळले की, एक लिटर पाण्यात डायझिनॉनचा १ मायक्रोग्रॅम अंशही सामन माशांची ही भयप्रतिक्रिया मंदावतो. कपाशीवर वापरले जाणारे सायपरमेथ्रिन नर सामनाची मादीच्या गंधाला मिळणारी प्रतिक्रिया क्षीण करते, हे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले. या प्रयोगांतील मासे जिवंत होते, हे ध्यानात घ्यावयास हवे.

विषाची तीव्रता मोजण्याची रूढ रीत म्हणजे ९६ तासांत निम्मे मासे मारणारी मात्रा निश्चित करणे. ही रीत केवळ मृत्यूची गणना करते. जो मासा मेला नाही, परंतु ज्यास शत्रूचा वा जोडीदाराचा गंध येत नाही, तो या गणनेत सुरक्षितच ठरतो.

खानदेशात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. कपाशीवरील फवारणी पावसाळ्यात होते, आणि रोहू, मृगळ यांचा प्रजननकाळही तोच. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंदी घातली. इतर द्रव्यांचा वापर चालूच आहे. सामनावरील निष्कर्ष आपल्या माशांस जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हे खरे. म्हणूनच जळगाव-धुळ्याच्या अभ्यासकांनी स्थानिक जाती घेऊन मृत्यूपूर्वीच्या या इंद्रियहानीचे मापन करणे अगत्याचे आहे. 'जिवंत' आणि 'निर्बाध' हे शब्द समानार्थी नाहीत.