ट्विटरहून मास्टोडॉनकडे

२७ ऑक्टोबर २०२२ रोजी इलॉन मस्क यांनी ट्विटर ताब्यात घेतले आणि पुढच्या काही आठवड्यांत लाखो लोकांनी मास्टोडॉन या समाजमाध्यमावर खाती उघडली. भारतात अशी लाट त्याआधीच, नोव्हेंबर २०१९मध्ये, येऊन गेली होती. सर्वोच्च न्यायालयातील एका ज्येष्ठ वकिलांचे ट्विटर खाते बंद झाल्याचे ते पडसाद होते.

२०१६मध्ये जर्मनीत सुरू झालेल्या मास्टोडॉनच्या जाळ्याला एकच मालक नाही. हजारो स्वतंत्र सर्व्हर एकमेकांशी जोडलेले असतात. जीमेलवरून याहूवर ईमेल जावा, तसा इथला मजकूर एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जातो. नवखा माणूस तेव्हा अडखळायचा तो इथेच, कारण नाव नोंदवण्याआधी सर्व्हर निवडावा लागायचा.

बिऱ्हाड हलवताना सगळे सामान सोबत येत नाही. मास्टोडॉनवर सर्व्हर बदलला तर फॉलोअर नव्या खात्याकडे वळवता येतात, पण जुन्या पोस्ट जुन्या जागीच राहतात. ट्विटर सोडताना तर फॉलोअरही मागे राहतात. वर्षानुवर्षे जमलेला गोतावळा असा विखुरतो, आणि स्थलांतरातला सर्वांत मोठा तोटा हाच. ओळखीची माणसे एकेक करून शोधावी लागतात. तोवर पान ओकेबोके दिसते, कारण इथे मुख्य पानावर फॉलो केलेल्यांच्याच पोस्ट वेळेच्या क्रमाने येतात. आवडीचे हॅशटॅग फॉलो केले की ते हळूहळू भरू लागते.