वांझपणाचा शिक्का आणि बीजपेशींचे शास्त्र

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या रूढी गावाने नाकारल्या. पाठोपाठ राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. परंतु सुवासिनी असूनही ओटीभरणाच्या वेळी जिला मागे सारले जाते, त्या अपत्यहीन स्त्रीच्या माथ्यावरील ‘वांझ’ हा शिक्का अद्याप पुसला गेलेला नाही. त्याला शास्त्राचा आधार कितपत आहे?

स्त्रीबीज आणि शुक्राणू ज्यांपासून घडतात त्या बीजपेशी माणूस आईच्या उदरात असतानाच वेगळ्या होतात. त्यांच्या घडणीची सूत्रे डीएनएमध्ये असतात. कचेरीच्या भाषेत सांगावयाचे तर डीएनए हे मूळ दप्तर आणि आरएनए ही त्यातील हुकुमाची नक्कल. पण हुकूम निघाला म्हणजे अंमल झाला असे नव्हे. कोणता हुकूम राखून ठेवावयाचा, कोणता बजावावयाचा आणि कोणता रद्द करावयाचा, हे आरएनएला चिकटणारी काही प्रथिने ठरवितात. बीजपेशींत त्यांचे महत्त्व विशेष आहे. शुक्राणू घडत असताना त्यातील डीएनए इतके घट्ट आवळले जाते की नव्या नकला निघेनाशा होतात. पुढील काम आधी साठविलेल्या नकलांवरच चालते.

१९९५ साली अमेरिकेत डेव्हिड पेज यांच्या प्रयोगशाळेने वीर्यात शुक्राणू मुळीच नसलेले ८९ पुरुष तपासले. त्यांपैकी १२ जणांच्या वाय गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला आढळला. त्या तुकड्यात असे प्रथिन घडविणारे ‘डॅझ’ हे जनुक सापडले. १९९७ साली उंदरांतील त्याच कुळातील जनुक निकामी करण्यात आले, तेव्हा नर आणि मादी दोन्ही वंध्य निघाले. निसर्ग येथे स्त्री-पुरुष असा पक्षपात करीत नाही. तो समाज करतो.

असा तुकडा गळालेल्या काही पुरुषांच्या वृषणात थोडे शुक्राणू मिळतात आणि प्रयोगशाळेच्या साहाय्याने अपत्यप्राप्ती होऊ शकते. मात्र मुलगा झाल्यास तोच दोष त्याच्याकडे जातो. म्हणून निदान आधी व्हावयास हवे. वीर्याची तपासणी साधी आणि अल्पखर्चाची असते. तरीही अनेक घरांत पत्नीचे नवससायास आणि औषधोपचार वर्षानुवर्षे चालतात, आणि पतीची तपासणी राहून जाते. यात पुरुषाला दोषी ठरविण्याचाही प्रश्न नाही. जन्मजात उणीव हा कोणाचाच अपराध नव्हे. तपासणी दोघांची आणि एकाच वेळी व्हावी, एवढा ठराव तरी प्रत्येक घराने करावयास हवा.