शून्य पाहायचे राहून गेले होते

स्मरणिकेसाठी या वर्षीही काही लिहावे असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा रजोनिवृत्तीनंतरच्या हाडांच्या ठिसूळपणावर लिहिण्याचे मी ठरविले होते. तो लेख अर्धा लिहून बाजूला ठेवला. येत्या मार्चमध्ये मी ग्वाल्हेर सोडून पुण्याला मुलाकडे कायमची राहावयास जात आहे, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. त्यापूर्वी साताऱ्याहून माझे थोरले बंधू आणि वहिनी चार दिवसांसाठी आले होते. त्या चार दिवसांविषयीच लिहावे असे वाटले.

१९७९ साली लग्न होऊन मी लष्करात आले. त्यानंतर दादा येथे दोनदाच आला. एकदा मुलाच्या मुंजीला आणि एकदा ‘हे’ गेले तेव्हा. दोन्ही खेपांना त्याने घराबाहेरचे काही पाहिले नव्हते. “तू निघण्याआधी तुझे गाव एकदा नीट दाखव,” असे तो फोनवर म्हणाला, तेव्हा मला आनंद झाला आणि थोडी धास्तीही वाटली. माझ्या लग्नाच्या वेळी “इतक्या दूर, हिंदी मुलखात मुलगी कशाला द्यायची?” असे स्पष्ट विचारणारा घरात तो एकटाच होता. पंचेचाळीसहून अधिक वर्षांनी त्या प्रश्नाचे उत्तर देण्याची वेळ आल्यासारखे मला वाटले.

पाहुण्यांना गाव दाखविणे हे काम आपण ग्वाल्हेरकर इतक्या वेळा करतो, की त्याचा एक ठरलेला पाठच होऊन बसला आहे. त्याप्रमाणे पहिल्या दिवशी जयविलास झाले. १८७४ सालचा तो महाल, साडेतीन-साडेतीन टनांची ती दोन झुंबरे, छताची ताकद अजमावण्यासाठी वर चढविलेल्या हत्तींची गोष्ट, जेवणाच्या मेजावरची चांदीची आगगाडी. वहिनींना आगगाडी फार आवडली. तानसेनच्या कबरीपाशी चिंचेचा पाला चघळून झाला. घरी आल्यावर मी मोलकरणीला “पंखा चालव” म्हटले आणि वहिनी खुदकन हसल्या. “अहो, पुण्यात पंखा लावतात हो,” म्हणाल्या. आता या वयात मी पंखा लावायला शिकणार आहे!

फुलबागेतील राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपाशी मात्र दादा बराच वेळ उभा राहिला. भा. रा. तांब्यांनी या समाधीवर लिहिलेली कविता त्याला शाळेपासून पाठ होती. परंतु ते स्थळ असे भर रहदारीत असेल, अशी त्याची कल्पना नव्हती. तांबे येथेच राहिले आणि १९४१ साली येथेच वारले, हे मी सांगितले. मग अपेक्षेप्रमाणे तो प्रश्न आलाच : “१८५८ साली तुमचे शिंदे काय करीत होते?” महाराष्ट्रातून येणारा प्रत्येक पाहुणा हे विचारतो आणि आपण सारे थोडे चाचरतो. जयाजीरावांची फौज १ जूनला बंडवाल्यांना जाऊन मिळाली, ते स्वतः आग्र्याला गेले आणि पुढे इंग्रजांबरोबर परतले, एवढे मी सरळ सांगून टाकले. त्यात झाकण्यासारखे काही उरलेले नाही. पण “शिंदे मूळचे कण्हेरखेडचे. म्हणजे तुझ्याच जिल्ह्यातले. आमचे कसे?” एवढे जोडल्यावाचून मला राहवले नाही. दौलतरावांनी १८१० साली येथे तळ दिला, त्या तळाचेच लष्कर झाले. साताऱ्याकडून येऊन येथे राहून गेलेली मी काही पहिली नव्हे.

श्योपूरच्या नॅरोगेज गाडीत बसण्याची दादाची इच्छा होती. ती गाडी २०२० साली बंद पडली आणि तो मार्ग आता ब्रॉडगेजचा होत आहे. दोन फूट रुंदीच्या रुळांवरून सुमारे दोनशे किलोमीटर जाणारी ती गाडी त्याच्या लेखी एक गंमत होती. माझ्या लेखी जौरा, कैलारस, सबलगढहून येणाऱ्या दिवस भरलेल्या बायका त्या गाडीत होत्या. डब्याच्या दारातच अडलेली एक बाळंतीण मला आठवते. दादाला हे कसे दाखवावे?

तिसऱ्या दिवशी किल्ला. गडावर मी किती वेळा गेले असेन याची गणती नाही. दर वेळी मोटारीने, उरवाई दरवाजाने. कड्यांत कोरलेल्या तीर्थंकरांच्या भव्य मूर्ती, मग तेलीचे मंदिर, सासबहू, शेवटी मानसिंग तोमराचा मानमंदिर महाल, त्यावरची निळी नक्षी आणि पिवळी बदके, की परत. हे सारे झाल्यावर दादा म्हणाला, “आणि शून्य?”

दादा निवृत्त गणितशिक्षक आहे. तो मुख्यतः यासाठीच आला असावा, अशी मला आता शंका येते. चतुर्भुज मंदिरातील शिलालेखाविषयी मी ऐकले होते. आपल्या मुलांच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात ते असतेच. परंतु ते मंदिर हत्तीपोळाच्या खालच्या वाटेवर आहे आणि त्या वाटेने मोटार जात नाही. त्यामुळे मी ते कधीच पाहिले नव्हते.

दादाचे दोन्ही गुडघे झिजलेले आहेत. चढापेक्षा उतार गुडघ्यांना अधिक त्रासाचा, हे मी त्याला बजावले. “हे डॉक्टर म्हणून सांगतेस की बहीण म्हणून?” या प्रश्नावर मी गप्प बसले. वहिनी मोटारीने खाली गेल्या आणि आम्ही दोघे, दुखरा पाय आधी खाली टाकत, काठी आणि भिंत यांच्या आधाराने उतरू लागलो.

एकाच खडकातून कोरलेले ते मंदिर अगदी लहान आहे. इ.स. ८७६ चा लेख. देवाच्या फुलांसाठी दिलेल्या बागेची लांबी २७० हात आणि रुंदी १८७ हात, आणि रोज ५० माळा. त्यातील दोन्ही शून्ये इतर अंकांहून लहान आहेत, बारीक वर्तुळे. दादाने हात न लावता, बोट थोडे दूर धरून, अंक वाचले. “हे सर्वांत जुने नव्हे,” तो म्हणाला. “कंबोडियात ६८३ सालचे आहे. पण हा बघ, नुसता बागेचा हिशेब आहे.” मग बराच वेळ तो काही बोलला नाही. आणि नंतर, अगदी सहज : “इतकी वर्षे इथे राहून हे पाहिले नाहीस?”

सवड मिळाली नाही, असे मी म्हणाले. ते खरे होते. पण ते बोलताना मला जरा अपराधी वाटले.

शेवटच्या दिवशी पाऊस होता, म्हणून कोठे गेलो नाही. दवाखान्याची आवराआवर चालली होती. प्रसूतींच्या नोंदवह्या, एकूण एकतीस, मी जमिनीवर मांडून ठेवल्या होत्या. नियमाप्रमाणे नोंदी तीन वर्षे ठेवल्या म्हणजे पुरे. मला एकही टाकता आली नव्हती. दादा सतरंजीवर बसला, चष्मा पुसला आणि वर्षावर्षांच्या बेरजा करू लागला. जेवणाला हाक मारली तरी उठला नाही. तीन वेळा पडताळून त्याने एका चिठोऱ्यावर आकडा लिहिला : ८,६७१. चिठोरे माझ्यापुढे ठेवून तो जेवायला गेला.

निघताना त्याने पहिली वही मागितली. साताऱ्याला सावकाश वाचीन, म्हणाला. रुग्णांची नावे घराबाहेर जाऊ द्यावयाची नाहीत, म्हणून मी दिली नाही. तो रागावला नाही. नयाबाजारातील बहादुराच्या लाडवांचा पुडा तेवढा घेतला आणि गाडीत बसला. वह्या अजून सतरंजीवरच आहेत. त्यांचे काय करावे, याविषयी मंडळातील ज्येष्ठांनी सल्ला दिल्यास मी आभारी होईन.