तक्त्यातली सातवी ओळ म्हणजे सातवा नमुना नव्हे

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी मातीच्या नमुन्यांचे स्पेक्ट्रम तपासायला एक छोटं डेस्कटॉप ॲप्लिकेशन लिहिलं, पायथन आणि क्यूटी वापरून. काम साधं होतं. तक्त्यात नमुने दिसतात, ओळ निवडली की आलेख उघडतो, आलेख खराब वाटला तर ‘वगळा’ बटण दाबायचं. एके दिवशी तक्ता आर्द्रतेच्या क्रमाने लावला आणि चार नमुने वगळले. दुसऱ्या दिवशी कॅलिब्रेशन आधीपेक्षा बिघडलेलं! वगळलेल्या यादीतले आलेख उघडले, तर चारही चांगले. खराब चार आत तसेच बसलेले. ॲप्लिकेशन बंद पडलं नव्हतं, एररही नव्हती. आली असती तर बरं झालं असतं.

चूक समजायला आधी रचना बघू. माहिती आणि तिचं पडद्यावरचं रूप वेगळं ठेवायचं, ही कल्पना ट्रिग्वे रीन्सकॉग यांनी 1979 च्या सुमारास झेरॉक्स पार्कमध्ये मांडली. क्यूटीमध्ये आज आपण वापरतो ती मॉडेल-व्ह्यू रचना 2005 मधल्या क्यूटी 4 पासून आली. यात मॉडेल फक्त प्रश्नांची उत्तरं देतं: ओळी किती, रकाने किती, अमुक जागी काय आहे. व्ह्यू ते दाखवतो. क्रम लावायचा किंवा गाळणी लावायची असेल तर दोघांच्या मध्ये प्रॉक्सी मॉडेल बसवतात. ते मूळ माहितीला हात लावत नाही. ‘वरून पहिली दिसणारी ओळ मुळात सातवी आहे’ असा हिशोब तेवढा स्वतःकडे ठेवतं.

गुणवत्ता यादीतला तिसरा विद्यार्थी म्हणजे बैठक क्रमांक तीन नव्हे, तसंच हे. व्ह्यू आपल्याला जो इंडेक्स देतो तो प्रॉक्सीचा असतो, म्हणजे गुणवत्ता यादीतला. आलेखाचा कोड लिहिताना मी तो ‘मॅप-टू-सोर्स’ने मूळ मॉडेलच्या इंडेक्समध्ये बदलला होता. बटणाचा कोड नंतर घाईत लिहिला. तिथे ओळीचा क्रमांक थेट मूळ यादीला लावला. क्रम लावलेला नसताना दोन्ही क्रमांक जुळतात, म्हणून माझ्या चाचण्यांत सगळं बरोबर दिसत होतं.

तेव्हापासून अशा प्रत्येक प्रकल्पात मी आधी तीन छोटी मदतनीस फंक्शन लिहितो.

पहिलं: निवडलेल्या ओळी घेऊन नमुन्यांचे आयडी परत देणारं. इंडेक्सचं रूपांतर फक्त इथेच होतं. बाकीच्या कोडने ओळ क्रमांक मागायचाच नाही, आयडी मागायचा. मधली एखादी ओळ काढली की खालच्यांचे क्रमांक सरकतात, आयडी सरकत नाही.

दुसरं: ओळी घालणारं. आधी ‘बिगिन-इन्सर्ट-रोज’, मग यादीत बदल, मग ‘एंड-इन्सर्ट-रोज’. हा क्रम मोडला तर प्रॉक्सीचा हिशोब जुनाच राहतो. इथे एक गंमत आहे. शेवटचा आकडा किती ओळी घालायच्या तो नसतो, शेवटच्या नव्या ओळीचा क्रमांक असतो. दहाव्या क्रमांकापासून तीन ओळी घालायच्या तर 10 आणि 12 द्यायचे, 10 आणि 3 नाही.

तिसरं: क्रम लावण्यासाठी मूळ संख्या देणारं. दिसणारा मजकूर ‘10.2’ असा अक्षरांचा असेल, तर तो ‘9.8’च्या आधी येतो. म्हणून संख्या वेगळ्या रोलखाली द्यायची (आपले रोल 256 पासून सुरू होतात) आणि प्रॉक्सीला तोच रोल सांगायचा.

क्यूटी 5.11 पासून मॉडेल तपासणारा एक टेस्टर सोबत मिळतो. तो जरूर लावा. पण तो मॉडेल तपासतो, तुमचं बटण नाही. त्यासाठी स्वतःची चाचणी हवी: तीन नमुने घ्या, क्रम उलटा लावा, वरची ओळ निवडा आणि तिसऱ्याचा आयडी मिळतो का बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

मी ते केलं नव्हतं. त्यामुळे आधीच्या दोन महिन्यांत वगळलेला प्रत्येक नमुना पुन्हा पाहावा लागला, कारण तेव्हा तक्ता कोणत्या क्रमात होता याची नोंदच नव्हती. गाईडना सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी एकच विचारलं, “वगळल्याचं कारण लिहिलं होतंस का?” नव्हतं लिहिलं. आता माझं ‘वगळा’ बटण आयडी, तारीख आणि कारण घेतल्याशिवाय पुढे जात नाही. शिवाय दाबण्याआधी तो आयडी मोठ्या अक्षरांत दाखवतं.

प्रबंधात आकडे जातात, ॲप्लिकेशन जात नाही. पण त्या आकड्यांतला कोणता नमुना आत राहिला आणि कोणता बाहेर गेला, हे अशाच चार ओळींच्या कोडने ठरवलेलं असतं.