फोन इंटरनेटवर नेण्याआधी

नेटवर्क आणि विजेची तयारी

तांब्याच्या जुन्या लाइनला वीज टेलिफोन एक्स्चेंजमधूनच मिळे: ४८ व्होल्ट, तीही बॅटरीच्या आधाराने. म्हणून दिवे गेले तरी रिसीव्हर उचलताच डायल टोन यायचा. इंटरनेट फोनचे तसे नाही. फोन, स्विच, राउटर, मोडेम यांपैकी एक जरी बंद पडला, तरी लाइन मुकी होते.

- बँडविड्थ: जी.७११ कोडेकमध्ये (आवाज डिजिटल करण्याची पद्धत) आवाजासाठी ६४ केबीपीएस. पॅकेटचे वेष्टण धरून एका कॉलला प्रत्येक दिशेने सुमारे ८७ केबीपीएस. एकाच वेळी २० कॉल म्हणजे जाता-येता प्रत्येकी पावणेदोन एमबीपीएस.
- उशीर: आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची (आयटीयू) शिफारस एका दिशेने १५० मिलिसेकंदांपर्यंत. उशीर फार वाढला की दोघे एकदम बोलू लागतात, मग एकदम थांबतात.
- जिटर: पॅकेट पोचण्याच्या वेळेतला चढउतार. तो वाढला की आवाज तुटक येतो.
- व्हीलॅन आणि क्यूओएस: व्हीलॅन म्हणजे एकाच केबलवर आवाज आणि डेटा यांच्या वेगळ्या मार्गिका. क्यूओएस म्हणजे गर्दीत आवाजाला आधी वाट.
- पीओई: नेटवर्क केबलमधूनच फोनला वीज. २००३ च्या ८०२.३एएफ मानकात स्विचच्या पोर्टमागे १५.४ वॅट, २००९ च्या ८०२.३एटीमध्ये ३० वॅट. २४ पोर्टच्या स्विचमध्ये सर्व पोर्टना १५.४ वॅट पुरवायचे तर पीओईसाठी सुमारे ३७० वॅट लागतात.
- केबल: स्विचपासून फोनपर्यंत कमाल १०० मीटर.
- यूपीएस: पीओई स्विच, राउटर आणि मोडेम तिन्ही यूपीएसवर. स्विच यूपीएसवर असला की टेबलावरच्या फोनला वेगळा बॅकअप लागत नाही.